गणिताचा मास्तर : ग्रंथांत आणि पडद्यावर

रहस्यकथा म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असें मानणाऱ्या सुशिक्षित वाचकांस आम्ही केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी आग्रहानें सुचवूं. मूळ ग्रंथ २००५ सालचा. त्यास जपानांतील नाओकी पारितोषिक मिळालें. २०११ सालीं निघालेला इंग्रजी अनुवाद आमच्या वाचनांत आला, आणि मागाहून घरच्या मंडळींसमवेत हिरोशी निशितानी यांनीं दिग्दर्शित केलेला २००८ सालचा जपानी चित्रपटहि पाहिला.

इशिगामी हा शाळेंत गणित शिकविणारा एकलकोंडा मास्तर. शेजारीण यासुको हिच्या हातून तिच्या छळवादी पूर्वपतीचा खून होतो, तो वाचकाच्या डोळ्यांदेखत. खुनी कोण हें आरंभींच कळतें. तिला वांचविण्यासाठीं मास्तर नेमकें काय करतो, तेवढें कळत नाहीं. तें आम्हीहि सांगणार नाहीं; घरोघरची तरुण मंडळी आम्हांस क्षमा करणार नाहीं.

आम्हीं अनेक वर्षें प्रश्नपत्रिका काढल्या, म्हणून एक स्थळ आम्हांस विशेष भावलें. इशिगामीचा प्रश्न वरून भूमितीचा दिसतो, असतो मात्र फलनाचा. घोकलेल्या रीतीनें धांवणारा विद्यार्थी तेथेंच अडखळतो. सबंध कादंबरी ही अशीच प्रश्नपत्रिका आहे. आरंभीं शाळेच्या वाटेवर सुमिदा नदीकांठीं त्यास बेघर लोकांचीं खोपटीं दिसतात. केवळ प्रभातवर्णन म्हणून जो तीं पानें भराभर उलटील, त्यास शेवटीं तीं पुन्हा काढावीं लागतात. चित्रपटहि घरच्या यंत्रावर मागें नेतां येतो खरा. पण दहा माणसें बसलीं असतां तसें कोण करूं देतो?

परंतु खरा भेद निराळाच आहे. ग्रंथांतील इशिगामी स्थूल, वाटोळ्या चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा, विरळ केसांचा. रस्त्यांत भेटला तरी कोणी वळून पाहूं नये असा. शिनइची त्सुत्सुमी हा नट खांदे पाडून, खालीं मान घालून वावरतो, आणि अभिनय उत्तमच करतो. तरी पडद्यावर आला कीं सर्वांची दृष्टि त्याच्यावरच खिळते! ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, त्याची ही कथा. कॅमेऱ्यास तर पाहण्यावांचून दुसरें कांहीं येतच नाहीं. मास्तरकींत जन्म गेलेल्या आम्हांस त्या न पाहिलें जाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको.

२०२३ सालीं सुजॉय घोष यांनीं 'जाने जान' या हिंदी चित्रपटांत ही कथा कालिंपाँगच्या डोंगरांत नेली. मास्तर तेथेंहि मास्तरच राहिला, हें बरें झालें. जपानी चित्रपटानें एक पोलीसबाई आणि बर्फाळ डोंगराची चढण पदरची घातली आहे. पोलीसबाई आम्हांस अनावश्यक वाटली. चढण मात्र दोन जुन्या मित्रांतील संशय मुक्यानें सांगून जाते.

आणि शेवटचा आक्रोश! अनुवादांत तो थोड्या ओळींत आटोपतो. त्सुत्सुमीचा आक्रोश ऐकतांना खालचीं अक्षरें वाचण्याचें भान आमच्यापैकीं कोणासच राहिलें नाहीं, आणि स्वयंपाकघरांत वाढलेलीं पानें निवत राहिलीं.