थोरला भाऊ

गुडघे गेल्यापासून मी तालीम खुर्चीत बसून घेते. आधी प्रत्येक भूमिका स्वतः करून दाखवायचे, मुलं ती हुबेहूब उचलायची. ‘बाईंचं नाटक लगेच ओळखू येतं’ असं पालक म्हणत. ते ऐकायला मला फार आवडायचं, अजूनही आवडतं.

शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात मी उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा पुन्हा बसवते. धाकटा अवघड नाही. पैसे उडवणं, डुकरांमागे उपाशी फिरणं, रडत परतणं, हे कुठलंही मूल रंगवतं. अडतं ते थोरल्यापाशी. शेतावरून येतो, घरातलं गाणं-बजावणं ऐकतो, गड्याला विचारतो आणि दाराबाहेरच थांबतो. बाप समजूत घालायला येतो, तर आपल्याला मित्रांसोबत खायला कधी एक करडूही मिळालं नाही, हे त्याला सुनावतो. बाप उत्तर देतो आणि लूकच्या 15व्या अध्यायात गोष्ट तिथेच संपते. तो आत गेला की नाही, येशूने सांगितलेलं नाही. रंगमंचावर मात्र त्याचे पाय कुठेतरी असावेच लागतात. पाठमोरा ठेवला की खलनायक होतो, उंबऱ्याकडे पाऊल टाकलं की प्रवचन होतं, आणि ब्लॅकआउट ही पळवाट आहे.

यंदा थोरला आठवीतली एक मुलगी करते आहे. ती ख्रिस्ती नाही. आमच्याकडे अशी मुलं पुष्कळ. घरी धाकट्या भावंडांचं तीच बघते. मला दाखवता येईना, म्हणून म्हटलं, तूच उभी राहा. ती बापाकडे नुसती बघत राहिली, मग मला म्हणाली, “बाई, पण त्याचं चुकलंय कुठे?”

धर्मशिक्षणाच्या तासाला या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि वहीत उतरतं. तालमीत ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. तिला त्या माणसाची बाजू घेऊन उभं राहायचं होतं. ख्रिस्ती शाळेनं नाटक करावं ते यासाठी. जेझुइटांच्या 1599 च्या शिक्षणसंहितेत नाटकावर कडक बंधनं आहेत: लॅटिनच हवी, विषय पवित्र हवा, स्त्रीपात्र नको. पण नाटकच नको, असं तीही म्हणत नाही. कोर्नेय आणि काल्देरोन हे नाटककार त्यांच्याच शाळांत शिकले.

हल्ली कितीतरी शाळांत संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतात, मुलं स्टेजवर ओठ हलवतात, मागे एलईडी पडद्यावर बेथलेहेम झळकतं. पालक खूश असतात. मला राग येतो. बापाच्या बोलण्यानंतर थोरल्याने किती वेळ गप्प राहायचं, हे तिथे रेकॉर्डिंगवाला ठरवतो. ते त्या मुलीनं ठरवायला हवं, रोज वेगळं ठरवलं तरी चालेल.

शेवटी समूहगान घ्या, असा शाळेचा आग्रह आहे. मी नाही म्हटलं. माझी अडचण निराळीच आहे. आतली ढोलकी चालू ठेवली की तिचे शब्द बुडतात. थांबवली तर आतल्यांनी तिचं ऐकलं असं होतं, आणि दाखल्यात बापाशिवाय तिचं कुणीच ऐकत नाही. सध्या ढोलकी बंद ठेवून आत नुसत्या टाळ्या चालू ठेवून बघते आहे.