सतरा गतिरोधक

रायपुरातील तेलीबांध्याहून नवा रायपुरातील रुग्णालयापर्यंतचा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरांचा. 2012 साली छत्तीसगडचे मंत्रालय या आखीव राजधानीत गेले. तिथले रस्ते रुंद, सरळ आणि बहुतांशी मोकळे. धडधाकट माणसाला हा प्रवास जाणवतही नाही. मात्र ज्याच्या मणक्यात कर्करोग उतरला आहे, त्याला प्रत्येक गतिरोधक मोजता येतो. रायपुरात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील निवृत्त शिक्षकाने ते मोजले होते: जाताना सतरा, येताना सतरा. किरणोपचाराचे दहा दिवस, शनिवार-रविवार सुटी. गाडी दहा वर्षे वापरलेली, लहान. चालवणारा मुलगा बँकेत नोकरीला.

तिसऱ्या दिवशी मुलाने गाडी मेकॅनिककडे नेली आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंग बदलून मऊ बसवून घेतल्या. धक्का लागतो, म्हणजे स्प्रिंग कडक आहे, हा त्याचा तर्क. तो अर्धाच खरा होता.

स्प्रिंगवर तोललेल्या गाडीला स्वतःचे एक दोलन असते. प्रवासी मोटारीत ते सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा होते, म्हणजे 1 ते 1.5 हर्ट्झ. ही लय शरीराला फारशी टोचत नाही. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची कंपने सर्वांत जास्त जाचतात ती 4 ते 8 हर्ट्झच्या पट्ट्यात. स्प्रिंग मऊ केली की गाडीचे दोलन या पट्ट्यापासून आणखी दूर जाते. म्हणून आराम वाढतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. 1.4 हर्ट्झच्या गाडीची स्प्रिंग स्वतःवरच्या भाराने सुमारे 13 सेंटिमीटर दबते, 1 हर्ट्झच्या गाडीची सुमारे 25. मऊ स्प्रिंगची गाडी चार माणसे बसताच अधिक खाली जाते, चाकाला वर सरकायला जागा उरत नाही, आणि मोठ्या उंचवट्यावर स्प्रिंगचे काम संपून थेट रबरी ठोकळ्यावर आदळते. वळणावरही ती अधिक कलते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी परतताना रस्त्यावर गाय आली. मुलाने सुकाणू डावीकडे व लगेच उजवीकडे फिरवले. गाय वाचली, गाडीही वाचली. पण गाडी एका अंगावर झुकली, परत येताना दुसऱ्या अंगावर गेली, आणि सावरायला तिला दोन-तीन हेलकावे लागले. मागच्या आसनावर आईने वडिलांना दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. घरी पोहोचल्यावर वडील एवढेच म्हणाले, "हळू चालवू नकोस. एकसारखी चालव."

शनिवारी गाडी पुन्हा मेकॅनिककडे गेली. या वेळी त्याने चाकामागे हात घालून पाहिले. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर तेलाने ओले होते. खरा दोष तिथे होता. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा तेलाच्या घर्षणात जिरवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. तो निकामी झाला की गाडीचे अंग डोलत राहते आणि चाकही, ज्याचे स्वतःचे दोलन 10 ते 15 हर्ट्झचे असते, रस्त्यावर उड्या मारू लागते. उडी मारणारे चाक धक्काही देते आणि पकडही सोडते. म्हणजे त्या गाडीत आराम आणि ताबा एकाच जागी गळत होते. मूळ मापाच्या स्प्रिंग परत बसल्या, शॉकॲब्सॉर्बर नवे आले, आणि अंदाजाने जास्त भरलेली टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरील आकड्यावर आणली गेली.

गतिरोधकांचेही गणित आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 किलोमीटर वेगासाठी. त्या वेगाने तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. गाडी संथपणे वर जाते, खाली येते. जेमतेम 30 सेंटिमीटर रुंदीची रबरी पट्टी त्याच वेगाने सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात चाकाखालून जाते आणि नेमक्या चाकाच्या दोलनाला डिवचते. पहिल्यावर मानकाचा वेग पुरतो. दुसरीवर जवळजवळ थांबावेच लागते.

आराम आणि ताबा यांचे भांडण सोडवण्याचा प्रयत्न जुना आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ओली यांनी दाखवले की पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या, तर उंचवट्यावर आधी चढलेला पुढचा भाग आणि नंतर चढलेला मागचा भाग यांची लय जुळते आणि गाडी डुलत नाही. आडव्या दांड्याने डावे-उजवे चाक जोडले की वळणावर कलणे रोखले जाते, पण दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर तो दांडा मध्ये येत नाही. 1974 साली डीन कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर कल्पना मांडली: शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टोक आकाशाला अडकवले आहे असे माना. मग रस्ता कसाही असो, गाडीचे अंग स्थिर राहील. आकाशाला खिळा ठोकता येत नाही. पण संवेदकांनी गाडीची हालचाल मोजून तेलाची वाट क्षणाक्षणाला अरुंद किंवा मोकळी केली, तर त्या कल्पनेच्या बरेच जवळ जाता येते.

हे आता परदेशापुरते राहिलेले नाही. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये, 2021 साली, संगणकाशिवाय केवळ झडपेच्या रचनेने जलद धक्के आणि संथ डोलणे वेगळे ओळखणारे शॉकॲब्सॉर्बर आले. 2024 मध्ये सादर झालेल्या तिच्या विजेच्या मोटारींत संवेदकांवर चालणारे आले. मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या राष्ट्रीय चाचणी केंद्रात आराम आणि हाताळणी तपासण्यासाठी स्वतंत्र मार्ग आहेत. सध्या हे तंत्र महागड्या गाड्यांत मिरवते. त्याची खरी निकड रुग्णवाहिकेला आहे.

दुसऱ्या आठवड्यात तीच जुनी गाडी रोज गेली आणि आली. दहाव्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाशी वडिलांनी बोटे मिटली आणि मुलाला विचारले, "आज बाराच मोजले. पाच काढून टाकले का रे?"

गतिरोधक सतराच होते.