लाइन

“लाइन गेली वाटते बाप्पा!”

शेजारच्या काकूंचा आवाज आला आणि मी आधी घड्याळ पाहिलं. खडवलीत राहणाऱ्याच्या डोक्यात लाइन एकच, कसाऱ्याची. ती गेली म्हणजे कुठेतरी रुळांवर पाणी भरलं, गाड्या टिटवाळ्याला अडकल्या, आणि घरचं माणूस आज मध्यरात्री चिंब होऊन येणार. मग डोक्यावरचा पंखा थांबत आलेला दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. काकू अमरावतीकडच्या. त्यांच्याकडे वीज जाते तेव्हा ‘लाइन’ जाते, आमच्याकडे ‘लाईट’ जाते. अंधार मात्र दोन्हीकडे सारखाच.

मुंबईहून पहिली गाडी ठाण्याला आली ती 16 एप्रिल 1853 रोजी. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि 1 ऑक्टोबर 1855 पासून वाशिंदपर्यंत धावू लागली. टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मधलं आमचं गाव तेव्हापासून या लोखंडी जोडरेघेला बांधलेलं आहे. कल्याणला लाइन फुटते, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. कुठल्याही नवख्या माणसाशी आमची ओळख इथूनच सुरू होते. “तुम्ही कुठल्या लाइनचे?” गाव, आडनाव, जिल्हा, सगळं नंतर.

हा शब्द रुळांवरून उतरून घराघरांत कसा शिरला, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिकिटाला लाइन. नळाला लाइन. भातसेचं पाणी पिसे इथून पंपाने उचलून मुंबईकडे नेतात, त्या अजस्र नळांनाही लाइनच. मुलगा कुठल्या लाइनला गेला, तर मेडिकल लाइनला. बिघडला तर त्याला लाइनीवर आणायचं. शाळेतली पोरं वहीत पट्टीने ‘लाइन मारतात’, आणि आठ-दहा वर्षांनी हेच दोन शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर अगदी वेगळ्या कामाला लागतात. शब्द तेच, पट्टी तेवढी सुटलेली! स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ घेतो आणि मगच गाडी सोडतो. पण आमच्याकडे मुलीच्या घरून होकार आला तरी मुलाचे मामा फोनवर हेच सांगतात, “लाइन क्लिअर आहे, या!”

तरीही मला हुरहुर लागते. आपण रेघ ओढत होतो, ओळ लिहीत होतो, रांग धरत होतो. रेघ पातळ, ओळ अक्षरांची, रांग माणसांची. प्रत्येकीचं वजन वेगळं, चाल वेगळी. एका ‘लाइन’ने त्या सगळ्यांची कामं अंगावर घेतली. दळणवळणाच्या घाईत हे सोयीचं आहे, मान्य. पण ‘ओळ’ गेली तर तिच्या सावलीत बसलेली ‘ओळख’ एकटी पडेल, असं मला खरंच वाटतं.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. रोज सकाळी चहा घेताना मी गवंड्याकडे बघत बसते. भिंतीच्या दोन टोकांना खिळे, त्यांच्यामध्ये पिवळा नायलॉनचा धागा. “लाइनदोरी ताण,” तो बिगाऱ्याला सांगतो. धागा बोटाने टणकन वाजवून बघतो. मग त्या धाग्याला जेमतेम न शिवता एकेक वीट बसवत जातो, थर पुरा झाला की दोरी एक वीट वर. लाइनदोरी. इंग्रजी शब्दाला मराठी दोरी बांधून कुणी तरी हा शब्द वळला, आणि नकळत त्याला त्याच्या माहेरी नेऊन पोचवलं. कारण लाइन हा शब्द मुळात दोरीचाच. लॅटिनमध्ये ‘लिनिया’ म्हणजे सुताचा धागा, आणि तो ‘लिनम’ या झाडाच्या वाखाचा. आगगाडी, तार, टेलिफोन हे सगळे नंतरचे पाहुणे. आधी होता तो हा ताणलेला धागा.

आणि लिनम म्हणजे आपलं जवस.

हे कळलं त्या संध्याकाळी मी लगोलग काकूंकडे गेले. त्या जवसाची चटणीच कुटत होत्या. खलबत्त्यात भाजलेलं जवस, लाल मिरची, लसूण आणि मीठ; तेलकट, खमंग वासाने सगळं स्वयंपाकघर भरलेलं. मी म्हटलं, “काकू, तुमची लाइन या जवसातून निघाली आहे.” आणि सगळं सांगितलं. त्यांनी बत्ता थांबवून ऐकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, “आमच्या वावरात हरभऱ्यामध्ये जवसाचे तास असायचे. निळी निळी फुलं. सकाळीच उमलायची, दुपारी पाहावं तर गळून गेलेली.”

“तास म्हणजे?” मी विचारलं.

काकूंनी ताटलीतल्या चटणीवर बोट ठेवलं आणि एक सरळ रेघ ओढली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी.

“हे असे,” त्या म्हणाल्या.