अवयव, गण आणि हिस्सा

माझी थोरली यंदा दहावीला आहे. सहामाहीत बीजगणितात तिला चाळीसपैकी नऊ गुण पडले. "अम्मी, माझ्याच्यानं गणित होणार नाही," ती म्हणाली. मला हे वाक्य ओळखीचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही ते म्हटलं होतं. घरच्यांनी ते लगेच मान्य केलं आणि वर्षभरात माझा निकाह झाला.

म्हणून या वेळी ते वाक्य मी मान्य केलं नाही. अप्पा बळवंत चौकातून नववी-दहावीची जुनी पुस्तकं आणली आणि कोंढव्यातल्या घरी इशानंतर आम्ही दोघी बसू लागलो.

अवयव पाडणं मला शिवणकामातून कळलं. उसवायचं असेल तर टाके कुठे घातलेत ते आधी पाहावं लागतं. म्हणून आम्ही आधी (क्ष + १३) आणि (क्ष − ३) यांचा गुणाकारच केला. आलं क्ष² + १०क्ष − ३९. मधला १० कुठून आला? १३ आणि −३ यांच्या बेरजेतून. शेवटचा −३९ त्यांच्या गुणाकारातून. मग उलट यायचं: गुणाकार −३९ आणि बेरीज १० देणाऱ्या दोन संख्या शोधायच्या. अशी वीस उदाहरणं उसवल्यावर लेकीची भीती गेली.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, अल-ख्वारिज्मींनी हाच प्रश्न सोडवला: एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून ३९, तर मूळ किती? तीन. चिन्हं नव्हती, त्यांनी चौकोनाची आकृती काढून उत्तर सिद्ध केलं. 'अल्जिब्रा' हा शब्द त्यांच्याच 'अल-जब्र'मधून आला. आपल्या बोलण्यात जब्र म्हणजे जबरदस्ती. अरबीत मोडलेलं हाड सांधण्यालाही तोच शब्द. शाळेत पहिला अर्थच माझ्या वाट्याला आला.

विज्ञानात तिचं घोडं आवर्तसारणीवर अडलं होतं. ती गण पाठ करत होती: लिथियम, सोडियम, पोटॅशियम. मी म्हटलं, पाठ करू नकोस, शेवटची कक्षा बघ. २,१. मग २,८,१. मग २,८,८,१. तिघांच्याही शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघं एका गणात. तिघंही तो देऊन टाकायला उतावीळ, म्हणून स्वभाव सारखा. क्लोरीन २,८,७; त्याला एकच कमी. सोडियमनं दिला, क्लोरीननं घेतला, आणि आपल्या डब्यातलं मीठ झालं. या पहिल्या गणाचं नाव अल्क धातू, आणि 'अल्क'ही मुळात अरबीच. 'अल-कली' म्हणजे खारट वनस्पतींची राख.

एका रात्री मी तिला सांगितलं की अल-ख्वारिज्मींच्या त्या पुस्तकाचा मोठा भाग विरासत आणि वसीयत यांच्या हिशेबांचा आहे. तिनं लगेच वही ओढली. "नानांच्या घरात तुझा हिस्सा किती, अम्मी?"

नानींचा आठवा. उरले सात अष्टमांश. त्यात दोन मामू आणि मी. माझा क्ष, मामूंचे दोन-दोन क्ष. पाच क्ष बरोबर सात अष्टमांश. क्ष म्हणजे चाळीसातले सात. नानींचे पाच, मामूंचे चौदा-चौदा. तिनं बेरीज करून चाळीस भरतात का तेही तपासलं.

"तुला मिळाले?" तिनं विचारलं.

मी मागितलेच नव्हते. मी तिच्याकडून ते पान फाडून घेतलं. पुढच्या जुम्म्याला भाईंकडे जेवायला जायचं आहे. पान पर्समध्ये आहे.