हातांतलें पुस्तक

मुलांनीं काय वाचावें, या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्ही एके काळीं फार उत्सुक असूं. आतां तोच प्रश्न कोणीं विचारला म्हणजे आम्ही क्षणभर थांबतों. या थांबण्याचें कारण आमच्या घरांतच घडलेलें आहे. तें सांगतांना संकोच वाटतो खरा; परंतु आमच्यासारखे उत्साही पालक पुष्कळ असतील, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून सांगतों.

१९९० च्या सुमारास आमचा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला वाचनाचें वेड होतें, आणि त्याचें दैवत म्हणजे 'चांदोबा'. विक्रम आणि वेताळ, राक्षस, राजकन्या, धूर्त मंत्री यांच्यांत तो इतका गढून जाई, कीं जेवणाच्या हांका त्यास ऐकूं येत नसत. शेजारच्या मुलांकडून आणलेल्या चित्रकथा तो जिन्याखालीं बसून वाची. आम्हांस वाङ्मयाची थोडी गोडी, आणि तिच्याहून अधिक अभिमान! घरांत पक्वान्नाचें ताट वाढलेलें असतां पोरगें भेळेच्या गाडीपाशीं उभें आहे, असें आम्हांस वाटे. एके दिवशीं आम्हीं तो सर्व गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला आणि त्याच्या हातीं 'श्यामची आई' दिली. तेवढ्यावर थांबलों असतों तरी बरें होतें. परंतु दर रविवारीं वाचलेल्या भागाचा सारांश वहींत लिहून दाखवावा, असा नियमहि आम्हीं घालून दिला.

मुलगा आज्ञाधारक. त्यानें सारांश लिहिले. पुढें हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' झाली, आणखीहि कांहीं झालीं. वही भरली, आलेल्या पाहुण्यांस आम्ही ती कौतुकानें दाखवीत असूं. शालान्त परीक्षा आटोपली त्या आठवड्यांत त्यानें पाठ्यपुस्तकांबरोबर ती वहीहि रद्दींत घातली. त्यानंतर आजतागायत त्यानें आपण होऊन एकहि गोष्टीचें पुस्तक उघडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. तो सज्जन आहे, कर्तबगार आहे. त्याचा आमच्यावर राग नाहीं, पुस्तकांवरहि नाहीं. वाचन हें परीक्षेबरोबर संपावयाचें काम होतें, तें संपलें, एवढेंच.

आश्चर्य हें, कीं आमच्या स्वतःच्या बालपणाची साक्ष याच्या नेमकी उलट होती. १९६५ च्या सुमारास आम्ही भूमितीच्या पुस्तकाआड बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचीत असूं. झुंजार संकटांतून कसा सुटतो, याची काळजी आम्हांस सर्व प्रमेयांहून अधिक. वडील शिक्षक होते. भूमितीची जाडी वाढल्याचें एकदां त्यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं पुस्तक उघडून पाहिलें, मिटलें, आणि कांहीं न बोलतां ते निघून गेले. त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर ते ओसरीवर बसले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मोठ्यानें वाचूं लागले. ऐकावयास या, असें त्यांनीं कोणासहि म्हटलें नाहीं. आम्ही झुंजारास भूमितींत ठेवून हळूच जाऊन बसलों. ती कित्येक महिन्यांची बैठक झाली. अर्नाळकर मात्र दिवसां चालूच राहिले. त्यांच्याविषयीं वडिलांनीं कधीं चकार शब्द काढला नाहीं.

तें पुस्तक तरी काय होतें? कृष्णशास्त्री म्हणजे संस्कृतचे गाढे पंडित. ज्या लेखणीनें 'मेघदूत' मराठींत आणलें, तिनेंच जिनांच्या आणि शहाजाद्यांच्या गोष्टी मराठींत आणावयास घेतल्या. त्या वाचण्यानें बुद्धि भ्रष्ट होईल, असें त्या पंडितास वाटलें नाहीं. आणि आमच्या घरीं मात्र वेताळ माळ्यावर गेला!

हलकें वाचन ही उत्तम वाङ्मयाची पहिली पायरी होय, असें कांहीं जण सांगतात. तेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. आमचे एक वर्गमित्र अर्नाळकरांवर जे थांबले, ते पुढें सरकलेच नाहींत. परंतु आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते रोज रात्रीं चार पानें वाचल्यावांचून झोंपत नाहींत. 'उषःकाल' वाचून पुस्तकाची ओळख विसरलेला आमचा मुलगा आणि हे गृहस्थ, या दोघांत वाचक कोणास म्हणावें, हा प्रश्न आम्हांस अलीकडे फार छळतो.

गेल्या वर्षीं तो नव्यानें उभा राहिला. आमची नात आतां दहा वर्षांची आहे. 'डायरी ऑफ ए विम्पी किड' नांवाची एक इंग्रजी पुस्तकमाला आहे. तिच्यांत रेघांच्या पानांवर वेडींवांकडीं चित्रें आणि एका आळशी मुलाच्या फजित्या असतात. त्यांतील एकच पुस्तक नात चौथ्यांदा वाचीत होती, आणि तितक्याच मोठ्यानें हंसत होती. मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, हें काढून घेऊं का? तुम्ही मला 'श्यामची आई' दिलीत, तशी तिलाहि द्या."

त्याच्या बोलण्यांत उपरोध नव्हता. तो असता तर आम्हांस कमी लागलें असतें. आम्हीं बरोबरच केलें, अशी त्याची खरोखर समजूत होती. आम्ही म्हणालों, "पुस्तक तिच्या हातांत राहूं दे. रात्रींचा अर्धा तास मात्र आम्हांस दे."

'श्यामची आई' आम्हीं पुन्हां उघडली, तेव्हां जी गोष्ट तीस वर्षांपूर्वीं दिसावयास हवी होती, ती दिसली. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या या पुस्तकांत प्रकरणांस 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीं नांवें आहेत. श्याम आपल्या मित्रांस रोज रात्रीं एक आठवण सांगतो. म्हणजे हें पुस्तक मुळीं ऐकण्याचें. कोणी तरी सांगावें आणि चौघांनीं जवळ बसून ऐकावें, अशीच त्याची घडण! तें आम्हीं एकट्या मुलाच्या हातीं देऊन त्याच्यापुढें कोरी वही ठेविली होती.

आम्ही वाचूं लागलों. स्नान झाल्यावर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आई आपलें लुगडें पसरते, तो भाग आला. नात चित्रांचें पुस्तक मांडीवर पालथें घालून ऐकत होती. मधेंच आमची दृष्टि दाराकडे गेली. मुलगा चौकटीस टेकून उभा होता. पुढें काय होणार हें त्यास ठाऊक होतें. त्यानें त्याचा सारांश लिहिलेला होता. तरी तो रात्र संपेपर्यंत हलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यानें पुस्तक हातीं घेतलें, असें आम्हांस सांगतां येत नाहीं. नातहि सकाळीं आपल्या आळशी पोराकडे परत गेली. पण रात्रीं साडेआठला ती आम्हांस बोलावूं लागली आहे. वडीलधाऱ्यांनीं निवड करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. क्रौर्यानें व बीभत्सानें भरलेलें पुस्तक मुलांपासून दूर ठेवणें हें कर्तव्यच आहे, आणि घरांतील फळीवर काय असावें हें आम्हींच ठरवावें. परंतु मूल ज्या पुस्तकावर हंसत आहे, तें त्याच्या हातांतून काढून घेण्यापूर्वीं प्रत्येक पालकानें स्वतःस विचारावें, कीं त्याच्याजवळ बसून वाचून दाखविण्यास आपणांस अर्धा तास आहे काय? आम्हांस तो तेव्हां नव्हता. म्हणूनच आम्हीं वही दिली.