परक्या पंगतीतले पान

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, रूझवेल्ट अव्हेन्यूच्या माथ्यावर उभारलेल्या लोखंडी पुलावरून सात क्रमांकाची आगगाडी रात्रंदिवस धावत असते. आणि त्या पुलाच्या सावलीत, जेथे रुळांच्या फटींतून उतरणाऱ्या कवडशांवाचून भर दुपारीही ऊन पोहोचत नाही, तेथे आशिया खंडातील कित्येक मुलूख आपापल्या चुलींसकट येऊन वसले आहेत. वुडसाइडला फिलिपिनो आणि थाई, जॅक्सन हाइट्सला बंगाली, नेपाळी आणि तिबेटी, एल्महर्स्टला इंडोनेशियन, आणि अखेरच्या फ्लशिंग स्थानकावर चीनचे प्रांतच्या प्रांत! येथील उपाहारगृहे म्हणजे बहुधा एकेक अरुंद खोली. भिंतीला टेकवलेली चार मेजे, गल्ल्याशेजारी देवाची किंवा धर्मगुरूची तसबीर, आणि पडद्यापलीकडे वाफेने कोंदलेले स्वयंपाकघर. अशा खोल्यांत बसून जेवताना मला नेहमी वाटत आले आहे की, येथे येणारा परका माणूस आधी पाहुणा असतो आणि मग गिऱ्हाईक. कारण ही पंगत मुळात त्याच्यासाठी मांडलेलीच नसते.

या देशात आलेला आशियाई माणूस खाणावळच का काढी, याचे उत्तर सरकारी दप्तरांतही सापडते. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना आपले दरवाजे बंद केले. व्यापाऱ्यांना मात्र प्रवेशाची मुभा ठेवली. पुढे १९१५ साली एका न्यायालयीन निर्णयाने खाणावळीचा मालकही व्यापाऱ्यांत गणला गेला, आणि ज्यांचे आप्तस्वकीय समुद्रापलीकडे अडकून पडले होते त्यांना त्या निर्णयात एक फट दिसली. नात्यागोत्यातील माणसांनी पैसा एकत्र करावा, खाणावळ उघडावी, ठरलेली मुदत एकाने कारभार पाहावा आणि मग तो दुसऱ्याच्या हाती सोपवावा, म्हणजे ज्याच्या त्याच्या नावावर परवाना मिळून मायदेशी जाऊन येण्याची आणि घरच्यांना आणण्याची वाट मोकळी होई. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा बहुतेक प्रदेश वर्ज्य ठरला. १९४३ मध्ये चिन्यांवरील बंदी उठली ती वर्षाला १०५ माणसांपुरती, आणि १९४६ मध्ये हिंदी लोकांच्या वाट्याला वर्षाला १०० जागा आल्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा कोठे वंश आणि देश पाहून माणसे मोजण्याची ही वहिवाट मोडली. रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या आजच्या चुली बव्हंशी त्यानंतर पेटलेल्या आहेत.

त्यांतील तिबेटी खाणावळींकडे माझे पाऊल अधिक ओढीने वळते. पातळ पारीला बोटांच्या अग्रांनी मुखऱ्या पाडून वाफवलेले मोमो, त्यांच्या शेजारी सेपेन नावाची मिरचीची झणझणीत चटणी, हिवाळ्यात थुक्पाचे वाफाळते भांडे, आणि मीठ-लोणी घातलेला तो चहा, ज्याची चव मैदानी मुलखातील जिभेला कळण्यास थोडा अवधी द्यावा लागतो. मागणी इंग्रजीत सांगावी तर वाढणाऱ्या प्रौढ बाई कित्येकदा स्वच्छ हिंदीत उत्तर देतात. १९५९ नंतर आपल्या देशाला पारखे झालेले हे लोक आधी भारतात आणि नेपाळात आश्रयाला आले. कर्नाटकातील बैलकुप्पे येथे आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव परिसरातही त्यांच्या वसाहती झाल्या. १९९० च्या अमेरिकी कायद्याने भारत-नेपाळातील निर्वासित तिबेट्यांसाठी एक हजार परवाने राखून ठेवले, आणि मग त्यांच्या पाठोपाठ त्यांची कुटुंबे आली. ज्यांतील पुष्कळांनी ल्हासा कधी डोळ्यांनी पाहिले नाही, ज्यांचे बालपण आपल्याच मातीत गेले, त्यांनी आपला देश जतन केला तो पिठात, वाफेत आणि आईच्या हाताच्या सवयीत. आणि त्यांच्याशी हिंदीतून दोन शब्द बोलताना माझाही परदेश घटकाभर ओसरतो.

फ्लशिंगच्या तळघरांतील दुकानांत कणकेचा गोळा ताणून, दुमडून, पुन्हा ताणून क्षणार्धात त्याचे शेकडो तंतू करणारा बल्लव पाहत उभे राहावे. शिआनकडच्या मटणात जिऱ्याचा असा दाट दरवळ असतो की महाराष्ट्रीय माणसाने चमकून पाहावे. पण ज्या नगराशी रेशीममार्गाचे तांडे येऊन थांबत, त्याच्या स्वयंपाकात जिरे असणे हा इतिहासाचाच स्वाभाविक क्रम होय. तेथून जवळच, बाऊन स्ट्रीटवर, १९७७ साली प्रतिष्ठा झालेले गणेशमंदिर आहे, आणि त्याच्या तळघरात दर्शनानंतर डोसा खाण्यास बसलेल्या मंडळींत आपली मराठी कुटुंबेही भेटतात.

वुडसाइडला सकाळी रात्रपाळी संपवून आलेल्या फिलिपिनो परिचारिका चिंचेने आंबट केलेल्या सिनिगांगच्या वाडग्यावर वाकून मुकाट्याने जेवताना दिसतात. १९४८ पासून प्रशिक्षणाच्या योजनेखाली त्यांच्या आधीच्या पिढ्या या देशातील रुग्णालयांत येऊ लागल्या. दिवसभर, रात्रभर परक्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीची शुश्रूषा जर कोठे होत असेल, तर ती येथे, आपल्या बोलीत विचारपूस करीत भात वाढणाऱ्या या मेजावर. खाणावळ कोणासाठी चालते, हे त्या मेजाकडे पाहिले की सांगावे लागत नाही.

म्हणूनच या जागांची 'स्वस्त आणि मस्त' अशी शिफारस होते तेव्हा मला खेद वाटतो. येथील स्वल्प किमतीत पहाटे भाजी निवडणारी आजी, शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसून गृहपाठ करणारी मुलगी आणि सुटीचा दिवस न पाहिलेला बाप यांचे श्रम विनामूल्य धरलेले असतात. ती किंमत त्या कुटुंबाच्या निरुपायाची असते, अन्नाच्या योग्यतेची नव्हे. महानगरातील रसिकाने या दारांत जरूर यावे, परंतु त्यांच्या तिखटाला आपल्या जिभेच्या बेताने सौम्य करून मागू नये. शेजारचा कसा जेवतो ते पाहून तसे जेवावे, दर वाढला तर कुरकुर न करता द्यावा, वाढणाऱ्या हातासाठी वर काही ठेवावे, आणि पुन्हा यावे. पिढ्यान्‌पिढ्या कायद्याने उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या माणसांनी आपल्या उंबरठ्याच्या आत जगाला पान मांडून दिले आहे; त्या पानावर बसणाऱ्याने निदान पाहुण्याचा धर्म पाळावा, एवढेच माझे आग्रहाचे मागणे आहे.