कोरड्या डोळ्यांच्या बाईस

बये,

तुझा निरोप ऐकला. तुझ्याकडे मध्यरात्र उलटलेली आणि इकडे माझ्या कुकरची दुसरी शिट्टी. आधी नुसतंच नाक ओढणं ऐकू आलं, मग 'टॉर्च', मग 'सेल', मग 'बाबांचं अक्षर'. मागच्या खेपेला त्यांनी तुझ्या बॅगेत कोंबलेला टॉर्च, आणि आतल्या सेलवर पेनाने घातलेली तारीख! तुझ्या घरी बल्ब, सेल, झाडू, कशावर तारीख नव्हती ते सांग. त्या एवढ्याशा सेलपायी तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हमसून हमसून रडलीस, आणि बाबांच्या दहाव्याला टिपूस काढलं नव्हतंस. वर मलाच विचारतेस, माझं डोकं ठिकाणावर आहे ना? तुला सांगते, ते कधीच नव्हतं. पण रडण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

तुझ्या आत्या आठवतात मला. 'हिला रडवा गं कुणीतरी, नाहीतर छातीत धरेल!' एकीने बाबांचा चष्मा तुझ्यापुढे आणून ठेवला, दुसरीने काठी. तू चष्मा पुसून डबीत ठेवलास आणि विचारलंस, 'चहा कोण कोण घेणार?' मी कोपऱ्यात पदर तोंडात धरून बसले होते. लोकांना वाटलं हुंदका दाबतेय. तसा तो थोडा हुंदकाही होता.

आत्यांच्या शास्त्राला काही आधार नाही, हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं कुणीतरी. वॉर्टमन आणि सिल्व्हर या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९८९ मध्येच एक लेख लिहून ठेवलाय. शोकात माणूस कोसळलाच पाहिजे आणि आत्ता कोसळला नाही तर पुढे महागात पडेल, या समजाला त्यांना पुरावा सापडला नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठातले जॉर्ज बोनॅनो वर्षानुवर्षं त्याच्याच मागे लागले आणि त्यांनाही दिसलं की जवळचं माणूस गेल्यावर पुष्कळ लोक बऱ्यापैकी सावरलेले असतात, आणि ते दगड नसतात. तेव्हा चहा विचारणारी तू अगदी ठीक होतीस. सेल पाहून रडणारी तूही ठीक आहेस.

मी मात्र होस्टेलची रडूबाई ती रडूबाईच. परवाची गंमत ऐक. इथे बेंगळुरूत गुलाबी छोटा कांदा मिळतो, 'बँगलोर रोझ'. भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे म्हणे, बराचसा मलेशिया-सिंगापूरला जातो. दिसायला नाजूक, पण चिरायला घेतला की शत्रू. पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम कामाला लागतं, गंधकाचा उडता पदार्थ तयार होतो आणि थेट डोळ्यांत. शेजारच्या अज्जी वाटी परत करायला आल्या, माझं तोंड पाहिलं आणि थेट आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. कानडीत जे काही सुनावलं त्यातलं ह्यांना निम्मंही कळलं नाही, पण बिचारे उठून हात जोडून उभे राहिले. मी कांदा दाखवतेय, अज्जी म्हणतात, नवऱ्याला झाकू नकोस.

खरं-खोटं पाणी डोळ्यांवरून ओळखणं अवघडच. नाट्यशास्त्रात भरताने अश्रूंना आठ सात्त्विक भावांत बसवलंय, म्हणजे मन एकाग्र झाल्याशिवाय ते यायचे नाहीत. गॅदरिंगला डोळ्यांखाली विक्स फासून तू ते बिचाऱ्याचं म्हणणं कसं धुऊन टाकलंस! पहिल्या रांगेतल्या बाईसुद्धा रडल्या होत्या.

रडण्यावरून आठवलं. आमच्या रिक्षांवर अजून अप्पूचे फोटो असतात, नट पुनीत राजकुमारचे. २९ ऑक्टोबर २०२१ ला तो गेला, फक्त ४६ वर्षांचा. कंठीरव स्टेडियमबाहेर लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. मिशाळ रिक्षावाले, टोपीतले पोलीस, दाढी न केलेले आयटीवाले, सगळे पुरुष उघड्यावर रडत होते, एकमेकांच्या खांद्यावर. मला ते आधी थोडं टीव्हीसाठीचं वाटलं, काही असेलही. पण आपल्या मुलांना आपण 'मुलीसारखा रडतोस काय' म्हणून वाढवतो ना, त्या मुलांना एका नटाच्या निमित्ताने रडायची परवानगी मिळाली होती. लहानपणी मुलगे-मुली सारखेच रडतात, फरक पडतो तो वयात येताना. थोडा हार्मोन्सचा, पुष्कळसा आपला.

आणि याच घरातला आधीचा शोक आठव. १२ एप्रिल २००६ ला त्याचे वडील डॉ. राजकुमार गेले तेव्हा या शहरात दगड उडाले, बसगाड्या जळाल्या, माणसं मेली. पंधरा वर्षांनी मुलगा गेला तेव्हा लोक रांगेत उभे राहून रडले. अश्रूंनी राग उतरतो का, यावर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतला २०२३ चा एक प्रयोग आहे. बायकांचे अश्रू हुंगायला दिल्यावर पुरुषांची खेळातली सूडबुद्धी चाळीस टक्क्यांहून जास्त उतरली. त्यावरून बेंगळुरूचा निष्कर्ष काढू नकोस हं, अप्पूच्या वेळी बंदोबस्तही चोख होता. मला आपली गंमत वाटली. नवऱ्याशी भांडताना आपण रडायचो ते उगाच नव्हतं तर!

बापलेक दोघांचेही डोळे दान झाले. अप्पूच्या कॉर्निया नारायण नेत्रालयात थर सोडवून वापरल्या, म्हणून चौघांना दिसायला लागलं. आणि ऐक, कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, तिला हवेतला प्राणवायू मिळतो तो अश्रूंच्या पातळ थरातून. आपण न रडताही दिवसभर डोळ्यांत अश्रू झिरपतच असतात. जास्तीचे नाकात उतरतात, म्हणून तर तुझा निरोप एवढा शेंबडा होता. तुला मी आजवर कोरडी म्हणत आले, पण शास्त्राप्रमाणे तीही माझी अतिशयोक्तीच.

आता मुद्द्याचं. रडून बरं वाटतं का? तू विचारलं होतंस की रडून मोकळं वाटायच्या ऐवजी डोकंच का दुखलं. रॉटेनबर्ग, बिल्स्मा आणि विंगरहूट्स यांनी २००८ मध्ये तीन हजारांच्या आसपास रडण्याच्या हकिकती तपासल्या. बहुतेकांना नंतर हलकं वाटलं, सुमारे एक तृतीयांश लोकांना काहीच फरक नाही, आणि दहातल्या एकाला आणखीच वाईट. शेजारी धीर देणारं कुणी असेल तर बरं वाटण्याची शक्यता जास्त. लाज वाटत असेल तर कमी. प्रयोगशाळेत तर सिनेमा दाखवून रडवलेली माणसं आधी खालीच जातात. २०१५ च्या एका प्रयोगात वीस मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरी. तू फरशीवर एकटी होतीस, आणि दीड तास थांबायच्या आधीच मला निरोप पाठवलास.

म्हणून मला त्या सिवनसाहेबांची मिठी विसरवत नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रापासून २.१ किलोमीटरवर चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला, आणि सकाळी इथल्या इस्रो केंद्रात तेव्हाचे इस्रोप्रमुख के. सिवन पंतप्रधानांच्या खांद्यावर रडले. काहींनी नाकं मुरडली, शास्त्रज्ञ असा रडतो का म्हणून. अगं, मग कोणी रडायचं? राजकारण, कॅमेरे सगळं बाजूला ठेवून बघ, तो हात पाठीवरून फिरत होता तेवढा वेळ त्या माणसाला एकट्याने रडावं लागलं नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा प्रमुख सोमनाथ होते. पेढे आम्हीही वाटले, पण मला आठवली ती चार वर्षांपूर्वीचीच सकाळ.

मेट्रोत मागे एक पोरगी गळ्यात ओळखपत्र अडकवून रडत होती. सगळे फोनमध्ये मुंड्या घालून. एका म्हाताऱ्या बाईने पिशवीतून चकली काढून तिच्या हातात ठेवली, का रडतेस वगैरे काही नाही. मुलगी चकली कुरकुर चावत रडायला लागली आणि मग हसायलाच लागली. मला हे तुझं-माझं वाटलं. आपल्यात तर चकल्या कधी उरल्याच नाहीत.

एक मात्र मोठ्या बहिणीसारखं सांगते, ऐकून घे. रडू आलं तर येऊ दे. पण झोप उडाली, खाणं तुटलं आणि आठवडे गेले तरी वर येता येईना, तर डॉक्टरकडे जा, मग कुठल्याही देशातला असो. इथल्या होसूर रोडच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेची माणसं टेली-मानस ही फोनवरची मदतसेवा चालवायला मदत करतात, १४४१६ नंबर, मराठीतूनही बोलतात. तिकडून लागणार नाही, पण तुझ्याही गावात असं काहीतरी असेलच.

आणि पुढच्या वेळी फरशीवर बसायच्या आधी तुझ्या नवऱ्याला उठव. त्याची झोपमोड होईल म्हणून दया दाखवू नकोस. तो घोरत राहिला तर उशी ओढून काढ. एवढं करूनही उठला नाही, तर मला सांग, अज्जींना पाठवते.

तुझीच
रडूबाई